मिठाने जंतू मरतात, मग हॅलोमोनास हे बॅक्टेरिया मिठात कसे जगतात आणि सापडतात कुठे?

तुम्ही विचारलंय की लोणच्यात, मासळीत मीठ घालतो ते जंतू वाढू नयेत म्हणूनच ना, मग हे हॅलोमोनास मिठात राहतात म्हणजे काय. मी मुंबईत मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

मीठ जंतूंना अडवतं ते मुख्यतः पाणी ओढून. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात खाली पाणी सुटतं ना, तसंच बॅक्टेरियाच्या पेशीतलं पाणी बाहेर जातं आणि साध्या बॅक्टेरियाचा कारभार तिथेच थांबतो. हॅलोमोनास काय करतो तर एक्टोईन नावाचा छोटासा पदार्थ स्वतःच बनवून आत भरून ठेवतो, म्हणजे आतलं पाणी आतच राहतं आणि पेशीतल्या प्रोटीन्सनाही धक्का लागत नाही. बाहेर मीठ वाढलं की एक्टोईन जास्त बनवायचं, कमी झालं की बाहेर सोडून द्यायचं, बस.

हे सोडून देता येणं मला सगळ्यात भारी वाटतं, कारण अति खारट पाण्यातले ते लाल रंगाचे जीव, हॅलोआर्किया म्हणतात त्यांना, त्यांना हे जमत नाही. ते पोटॅशियम आत भरून घेतात आणि त्यांची सगळी यंत्रणा त्या खारटपणावरच चालते. प्रॅक्टिकलला मी मुलांना दाखवते, काचपट्टीवर लाल कॉलनी घ्यायची आणि वर एक टक्का मिठाच्या पाण्याचा थेंब टाकायचा. बघता बघता ठिपका विरतो, पेशी फुटतात, आणि सुईने उचललं तर चिकट तार निघते, तो आतून बाहेर आलेला डीएनए. हॅलोमोनासच्या पांढरट चकचकीत कॉलनीवर तोच थेंब टाका, पाणी नुसतं गढूळ होतं, तार वगैरे काही नाही.

आता राहतो कुठे. मिठागरं हे त्याचं हक्काचं ठिकाण. आपल्याकडे भाईंदर, वसई, उरण बाजूला उधाणाच्या भरतीचं पाणी बांधातून आत घेतात तेव्हा त्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असतं आणि उन्हाने आटत आटत पंचवीस टक्क्यांच्या वर गेलं की मीठ धरायला लागतं. या मधल्या सगळ्या टप्प्यांत हॅलोमोनास मजेत असतो, अगदी शेवटच्या दाट पाण्यात मात्र लाल मंडळींचं राज्य. आणि जूनमध्ये पाऊस कोसळून सगळं पातळ झालं तरी याचं फारसं बिघडत नाही. यातली खूप अभ्यासलेली जात म्हणजे हॅलोमोनास इलाँगाटा, तीही कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटाच्या मिठागरातच सापडली आणि १९८० साली तिचं वर्णन छापून आलं.

पण फक्त मिठागरंच नाही हं. लोणारच्या खाऱ्या सरोवरातूनही हॅलोमोनास वेगळे काढलेत आणि त्यांच्याकडून प्लास्टिकसारखा पण कुजणारा पदार्थ बनवून घेण्यावर पुण्याच्या आघारकर संस्थेत काम झालंय. (२०२० च्या जूनमध्ये लोणार गुलाबी झालं तो रंग मात्र याचा नाही, तो हॅलोआर्कियाचा.) आणि टायटॅनिक! १९१२ ला बुडालेलं ते जहाज जवळपास ३८०० मीटर खोल पडलंय, त्याच्यावर गंजाचे लोंबते सुळके झालेत, त्यातून काढलेल्या एका नव्या जातीला २०१० मध्ये हॅलोमोनास टायटॅनिके असंच नाव दिलं. तिथे ना ऊन ना मिठागर, नुसतं थंड काळोखं समुद्राचं पाणी आणि लोखंड, तरी हा आहेच.

माणसाला उपयोगही आहे. कारखान्यात हॅलोमोनास आधी जास्त मिठात वाढवतात, एक्टोईन भरलं की कमी मिठाच्या पाण्यात टाकतात, तो एक्टोईन सोडतो, ते गाळून घ्यायचं आणि त्याला परत मिठात टाकायचं, याला चक्क बॅक्टेरियाचं दूध काढणं म्हणतात. डोळ्यांचे थेंब, नाकाचे स्प्रे, त्वचेची क्रीम यात ते एक्टोईन असतं, घरात एखादी बाटली असेल तर मागचं लेबल वाचून बघा.

राहिली मासळी. मीठ घातलं की बहुतेक जंतू थांबतात, सगळे नाही. खाऱ्या बांगड्यावर कधी गुलाबी-लाल डाग पडलेले दिसतात ना, ते त्या हॅलोआर्कियाचे, आणि ते बऱ्याचदा जाड्या मिठातूनच आलेले असतात. दमट हवेत ते पसरतात आणि मासा चिकट होऊन वास मारायला लागतो. बाजारात असा डाग दिसला तर मासळीवाल्या मावशींना दुसरा दाखवायला सांगा, तो घेऊ नका.