वाचक विचारतात : गुपचूप पैसे भरून टाकू का?

प्रश्न : बाई, माझा मुलगा इंग्रजी माध्यमात नववीला आहे. शिक्षकदिनाला वर्गशिक्षिकांना घड्याळ द्यायचं म्हणून वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रत्येकी पाचशे रुपये ठरले. एका मुलाला ते जमण्यासारखे नव्हते. त्याची ग्रुपवर यथेच्छ टिंगल झाली, तेव्हा आमच्या चिरंजीवांनी लिहिलं, ‘मग मीही देणार नाही.’ झालं! ग्रुपमधून काढलं, डबा खायला कोणी शेजारी बसेना. त्याच्या मामेभावाने ‘तुझीच गोष्ट आहे’ म्हणून त्याला ‘द चॉकलेट वॉर’ ही कादंबरी आणून दिली. ती वाचून आता म्हणतो, ‘बघ आई, शेवटी मारच खातो तो.’ मग मीही वाचली. मुलांच्या पुस्तकाचा शेवट इतका कडू कशाला? असली पुस्तकं मुलांना द्यावीत का? आणि दुसरं, खरं तर पहिलं : त्याला न सांगता मॉनिटरच्या आईला पाचशे रुपये जीपे करून टाकले, तर विषय मिटेल का?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, जीपेचं आधी सांगते. करू नका. का, ते त्याच पुस्तकात आहे. तुमच्या नजरेतून निसटलं असेल, कारण ते शेवटच्या मारामारीत नाही, त्याच्या बरंच आधी येतं.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉबर्ट कॉर्मिअर हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधले पत्रकार. ही कादंबरी १९७४ची. ट्रिनिटी नावाची मुलांची कॅथलिक शाळा आहे, मुख्याध्यापक आजारी आहेत आणि कारभार ब्रदर लिऑन यांच्या हातात आलाय. शाळेसाठी पैसे उभे करायला दरवर्षी मुलं चॉकलेटं विकतात. यंदा लिऑननी हव्यासाने वीस हजार खोकी उचलली आहेत, गेल्या वर्षीच्या दुप्पट, आणि किंमतही एक डॉलरची दोन. मालसुद्धा कसला, तर ‘मदर्स डे’चा उरलेला, वरच्या जांभळ्या फिती काढून टाकलेला. प्रत्येक मुलाच्या वाट्याला पन्नास खोकी. शाळेत ‘व्हिजिल्स’ नावाची मुलांची एक छुपी टोळी आहे. तिचा आर्ची हा मुलगा इतरांना कामगिऱ्या नेमून देतो. नवख्या जेरीला तो सांगतो : दहा दिवस चॉकलेटं विकायला नकार द्यायचा, मग होकार.

रोज हजेरीसारखी नावं पुकारली जातात आणि प्रत्येकाने किती खपवली ते सांगायचं. हे चित्र आपल्याला काही परकं नाही. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचे झेंडे आमच्या शाळेतही मुलांच्या हाती यायचे, आणि भर वर्गात एकेकाला उभं करून ‘तुझे किती गेले?’ विचारणारे शिक्षक मी पाहिलेत. ज्याच्या वडिलांचं दुकान बाजारपेठेत, त्याचे दुसऱ्याच दिवशी संपायचे. ज्याचे उरायचे तो पोरगा मान वर करत नसे.

दहा दिवस संपतात. अकराव्या दिवशी सगळा वर्ग जेरीचा होकार ऐकायला बसलेला असतो आणि जेरी पुन्हा ‘नाही’ म्हणतो. आता हुकूम नाही, हा त्याचा स्वतःचा नकार. का, हे त्याचं त्यालाही धड सांगता येत नाही. मला अख्ख्या कादंबरीत ही जागा सगळ्यात खरी वाटते. चौदा-पंधराव्या वर्षी मुलगा तत्त्वाचा विचार करून अडून बसत नाही. आधी अडतो, मग कारण शोधतो. तेव्हा तुमच्या मुलाला ‘पण तू का नाही देत, नीट सांग’ म्हणून उभं-आडवं तपासू नका. टिंगल झालेला मुलगा त्याला दिसला, एवढं कारण पुष्कळ आहे.

आपल्याकडे एकट्याने अडून बसायचं म्हटलं की टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट निघते. गोष्ट चांगलीच आहे, पण तिच्यात समोर मास्तर आहेत. मास्तरांना नाही म्हणणारा पोरगा वर्गाचा हिरो होतो. जेरीलाही सुरुवातीला तसंच वाटून घेता येतं, मुलं त्याची पाठ थोपटतात. मग टोळी ठरवते की चॉकलेटं विकणं हीच आता फॅशन, आणि त्याच मुलांच्या लेखी जेरी अदृश्य होतो. लॉकरची नासधूस, रात्री-अपरात्री फोन, वर्गात कोणी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. वाळीत टाकणं ही काय चीज आहे ते आपल्याला अमेरिकन लेखकाने शिकवायची गरज नाही म्हणा. मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांना वाळीत टाकू नये म्हणून महाराष्ट्राला २०१६मध्ये कायदा करावा लागला. नववीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला कोण कायदा लावणार?

तर जीपे. जेरीचा एक मित्र आहे, सगळे त्याला गूबर म्हणतात. उंच, लाजरा, धावायला लागला की देखणा दिसणारा. जेरीला साथ म्हणून तो सत्तावीस खोक्यांवर विक्री थांबवतो. कोणाला सांगत नाही, नुसता थांबतो. आणि एक दिवस शाळेत जाहीर होतं : गूबरने पन्नास पूर्ण केली! कोणीतरी परस्पर त्याच्या नावापुढे आकडा भरून टाकलेला असतो. गूबर ते ऐकतो आणि गप्प बसतो. तिथे त्याचं जे काही होतं ते मला जेरीच्या मोडलेल्या जबड्याहून जास्त लागतं. त्याला कोणी मारलं नाही, धमकावलं नाही. त्याचा नकार फक्त खोडून टाकला, तेही त्याचं भलं केल्याच्या थाटात.

तुमचे पाचशे रुपये म्हणजे तो आकडा आहे, ताई. आणि असल्या गोष्टी लपत नाहीत. मॉनिटरची आई मॉनिटरला सांगणार, मॉनिटर ग्रुपवर टाकणार, मधल्या सुट्टीत तुमच्या मुलाला कळणार की आपल्या घरानेच आपल्याला उघडं पाडलं.

आता शेवटाबद्दल. शेवटी मैदानावर जेरी आणि एमिल नावाचा दांडगट यांची झुंज लावली जाते. मुलं तिकिटं घेऊन कोणी कोणता ठोसा मारायचा ते चिठ्ठीवर लिहून देतात. जेरी लोळागोळा होतो, आर्ची सहीसलामत सुटतो. कॉर्मिअरना प्रकाशकांनी सांगून पाहिलं होतं की शेवट बदला. त्यांनी बदलला नाही, आणि त्यापायी पुस्तक बऱ्याच ठिकाणांहून परत आलं. १९८८च्या सिनेमाने मात्र बदललाच, आर्चीला रिंगणात उतरवून मार खायला लावला. सिनेमा कोणाच्या फारसा लक्षात नाही. पुस्तक शाळेच्या ग्रंथालयातून काढा म्हणून तिथले पालक वर्षानुवर्षं भांडताहेत. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या यादीत २००० ते २००९ या दशकात सर्वाधिक तक्रारी आलेल्या पुस्तकांत ते तिसरं होतं. म्हणजे तुम्ही एकट्या नाही. तरी माझं मत : नववीच्या मुलाला जरूर द्यावं, सहावीच्या देऊ नये. पुस्तकात शिव्या आहेत, वयात येणाऱ्या मुलांच्या डोक्यातलं बरंच काही आहे, आणि मार फार आहे. पण खोटं काही नाही. खरं बोलणारा शेवटी जिंकतोच, ही पुस्तकं त्याने लहानपणी ढिगाने वाचली असतील. वर्गात डबा घेऊन एकटं बसल्यावर त्यांतलं एकही उपयोगी पडलं नाही, म्हणून तर मामेभावाला हे आणावं लागलं.

मात्र तुमच्या मुलाला एक गोष्ट सांगा, ती पुस्तकात नाही. ही कादंबरी सुचली ती कॉर्मिअर यांच्या स्वतःच्या मुलावरून. तो शाळेतून विकायला दिलेली चॉकलेटं घेऊन घरी आला होता आणि त्याला ती विकायची नव्हती. बापाने त्याच्याशी बोलून, त्याला नकार द्यायचा हक्क आहे अशी चिठ्ठी मुख्याध्यापकांच्या नावे दिली. मुलगा चॉकलेटं परत घेऊन गेला. काय झालं? काहीही नाही. ‘पण झालं असतं तर?’ या विचारातून पुढचं सगळं आलं.

कादंबरीतला जेरी बघा. आई नुकतीच कॅन्सरने गेलेली. वडील औषधांच्या दुकानात काम करतात, घरी येऊन झोपतात, मुलाशी चार वाक्यांपलीकडे बोलत नाहीत. जेरी शाळेतलं एक अक्षर घरी सांगत नाही. म्हणजे चॉकलेटं तीच, नकार तोच. फरक एवढाच की एका मुलाच्या खिशात बापाची चिठ्ठी होती. तुमच्या मुलाने निदान तुम्हाला सांगितलंय. तेव्हा त्याला विचारून, त्याला दाखवून, वर्गशिक्षिकांना चार ओळी लिहा : मुलांनी आपापसांत वर्गणी ठरवली आहे, ती सगळ्यांना परवडणारी नाही, आम्ही देणार नाही. टिंगल करणाऱ्यांची नावं घालू नका, तक्रारीचा सूर नको. बहुतेक शिक्षिकांना पाचशे रुपये डोई वर्गणीचं घड्याळ नकोच असतं, त्यांना पत्ताच नसतो. आणि ज्या मुलाची टिंगल झाली, त्याला रविवारी जेवायला बोलवा.

प्रश्न : बाई, मी आठवीत आहे. एका मैत्रिणीने युनिट टेस्टला पेपर दाखवला नाही म्हणून आमच्या ग्रुपने तिच्याशी बोलणं बंद केलंय. मला तिच्याशी बोलायचंय, पण मग माझ्याशीही कोणी बोलणार नाही. काय करू?
– स. क., सांगली

उत्तर : वरचं उत्तर वाच, त्यातला गूबर म्हणजे तू. तो जेरीच्या जवळ जातो, पण तोवर झुंज होऊन गेलेली असते. तुझी अजून युनिट टेस्टच झाली आहे. सगळ्यांसमोर जाऊन तिच्या बाकावर बसायची हिंमत आज नसेल तर राहू दे. संध्याकाळी घरून फोन कर. गणिताचा गृहपाठ विचारायला केलास तरी चालेल, ती समजेल. आणि पुढच्या टेस्टला पेपर बघायला मागू नकोस.