90 टक्के लोकांना हवा असलेला कायदा अमेरिकेत का होत नाही?

तुम्ही विचारलंय की बंदूक विकण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावी असं अमेरिकेतले जवळजवळ 90 टक्के लोक सर्वेक्षणांत सांगतात, तरी तसा देशव्यापी कायदा होत नाही. मग सर्वेक्षणं खोटी, की सरकार बहिरं?

माझ्या मते सर्वेक्षणं बऱ्यापैकी खरी आहेत. पण कायदा किती जणांना हवाय एवढंच त्यांतून कळतं. त्यासाठी निवडणुकीत आपलं मत दुसऱ्या उमेदवाराला द्यायला कोण तयार आहे आणि तो मतदार कुठल्या राज्यात राहतो, हे त्या आकड्यात दिसत नाही. कायदा होणार की नाही ते मात्र त्यावरच ठरतं.

आधी सध्याची स्थिती. 1993 च्या ब्रेडी कायद्याने परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाइकाची तपासणी करावी लागते. 1998 पासून ती एफबीआयच्या यंत्रणेतून होते आणि बहुतेकदा काही मिनिटांत निकाल मिळतो. पण परवाना नसलेल्या माणसाने आपली बंदूक त्याच राज्यातल्या दुसऱ्याला विकली, तर केंद्रीय कायद्याने तपासणी सक्तीची नाही. काही राज्यांनी ही पळवाट आपापल्या कायद्याने बुजवली, पुष्कळांनी नाही.

डिसेंबर 2012 मध्ये कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत सहा-सात वर्षांची 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर डेमोक्रॅट ज्यो मँचिन आणि रिपब्लिकन पॅट टूमी या दोन सिनेटरांनी (सिनेट म्हणजे अमेरिकी संसदेचं वरचं सभागृह) मिळून प्रस्ताव आणला: बंदुकांच्या प्रदर्शनांत आणि इंटरनेटवरच्या जाहिरातींतून होणाऱ्या विक्रीलाही तपासणी लावायची. 17 एप्रिल 2013 ला मतदान झालं. बाजूने 54, विरोधात 46. प्रस्ताव पडला, कारण मंजुरीसाठी 60 मतं हवी होती. (विरोधातलं एक मत सिनेटमधले डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांचं होतं, विषय पुन्हा आणता यावा म्हणून नियमाच्या सोयीसाठी दिलेलं.)

सिनेटमध्ये चर्चा संपवायलाच 100 पैकी 60 मतं लागतात, आणि राज्य लहान असो की मोठं, सिनेटर दोनच. वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाख आणि कॅलिफोर्नियाची जवळपास चार कोटी, तरी दोघांचं वजन सारखं. म्हणजे देशभराचे 90 टक्के हा आकडा सिनेटमध्ये शिरतानाच बदलतो.

त्यात इथले पक्ष आपल्याकडच्या पक्षांसारखे नाहीत. हायकमांड तिकीट वाटत नाही, पक्षांतरबंदी कायदा नाही, व्हिप मोडला म्हणून कुणाची जागा जात नाही. उमेदवार ठरतो तो प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत. मी राहतो त्या पेनसिल्व्हेनियात मतदार नोंदणीच्या अर्जावर पक्षापुढे खूण केली की तुम्ही त्या पक्षाचे. वर्गणी नाही की सभासदत्व नाही. पण खूण केली नसेल तर प्रायमरीत उमेदवार निवडता येत नाही. प्रायमरीला नोव्हेंबरमधल्या मुख्य निवडणुकीच्या मानाने खूपच कमी लोक येतात, आणि जे येतात ते कट्टर असतात. त्यामुळे बऱ्याच रिपब्लिकन सिनेटरांना खरी धास्ती डेमोक्रॅट उमेदवाराची नसते, आपल्याच पक्षातल्या आव्हानवीराची असते. 2013 मध्ये चार डेमोक्रॅटही खरोखर विरोधात गेले. त्यातले अलास्काचे मार्क बेगिच आणि आर्कान्साचे मार्क प्रायर यांची निवडणूक पुढच्याच वर्षी होती. दोघेही तरीही हरले.

आता सर्वेक्षणाकडे. शिकत असताना मी फोनवरून सर्वेक्षण करणाऱ्या एका संस्थेत संध्याकाळची पाळी करत असे. फोन उचलला गेला की आधी विचारायचं, घरात सर्वांत अलीकडे वाढदिवस कुणाचा झाला, आणि त्याच प्रौढाशी बोलायचं. म्हणजे घरात नेहमी फोन घेणाऱ्याचंच मत नोंदलं जात नाही. प्रश्न अक्षरशः वाचायचा. समोरच्याने अर्थ विचारला तर ‘तुम्हाला जो वाटेल तो’ एवढंच म्हणायचं. ही शिस्त पाळून हजारेक माणसं नीट निवडली, तर चुकीला वाव साधारण तीन टक्क्यांचा. 90 चे 87 होतील, 45 होणार नाहीत.

पण त्या खुर्चीत बसून मला दुसरीच गोष्ट दिसली. तपासणी असावी का? ‘हो’, पटकन. पुढचा प्रश्न, मत देताना सर्वांत महत्त्वाचा विषय कोणता? मग नोकरी, महागाई, दवाखान्याची बिलं. बंदुकांचं नाव घेणारे थोडे, आणि त्यांतले बरेच आपली बंदूक कुणी काढून घेईल या भीतीने बोलणारे. पहिल्या प्रश्नाच्या टक्केवारीत मात्र आवेशाने बोललेला आणि ‘हो, असू दे’ म्हणून पुढे गेलेला, दोघांचीही मोजणी एकच.

तत्त्वाला हो म्हणणारा माणूस मसुद्यालाही हो म्हणेलच असंही नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये मेन राज्यात खासगी विक्रीला तपासणी लावण्यावर थेट जनमत घेतलं गेलं. सुमारे 52 टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. मेन हे शिकारीचं राज्य आहे, आणि शेजाऱ्याला बंदूक उसनी दिली तरी गुन्हा ठरेल, हा विरोधकांचा प्रचार तिथे लागू पडला. त्याच दिवशी नेवाडात तसाच प्रस्ताव निसटत्या बहुमताने पास झाला.

म्हणून सरकार अजिबातच ऐकत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. मे 2022 मध्ये टेक्ससमधल्या युव्हाल्डी गावच्या शाळेत 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या, आणि महिन्याभरात सिनेटने 65 विरुद्ध 33 मतांनी कायदा केला. 21 वर्षांखालच्या गिऱ्हाइकाची तपासणी कडक झाली आणि धंदा म्हणून बंदुका विकणारा कोण, याची व्याख्या रुंदावली. सर्व विक्रीला तपासणी काही आली नाही. वाटाघाटी करणारे रिपब्लिकन सिनेटर जॉन कॉर्निन त्याच महिन्यात ह्यूस्टनला आपल्या राज्याच्या पक्ष अधिवेशनात बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांच्याच कार्यकर्त्यांनी त्यांची हुर्यो उडवली. शेवटी बाजूने मत देणारे रिपब्लिकन 15. त्यातले चार निवृत्त होणार होते, आणि त्या नोव्हेंबरात मतदारांपुढे जायचं होतं फक्त दोघांना.