खोल डायव्हिंगसाठी विंग एका ब्लॅडरची घ्यावी की दोन ब्लॅडरची?

तुम्ही नांदेडहून विचारले आहे की, अंदमानात ४५ मीटरपर्यंतचे टेक्निकल डायव्हिंग (ज्यात थेट वर न येता वाटेत थांबे घ्यावे लागतात) शिकायचे आहे, पाठीवर १२ लिटरची दोन स्टीलची सिलिंडरे आणि अंगात ३ मिलिमीटरचा रबरी वेटसूट असेल, तर एका ब्लॅडरची विंग पुरेल का. विंग म्हणजे पाठीवरची, हवा भरून तरंगवणारी पिशवी आणि ब्लॅडर म्हणजे तिच्या आतला हवेचा फुगा. या साहित्यासह पुरणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र विंग विकत घेण्याआधी वजनाचा हिशेब करा, कारण हिशेब बदलला की उत्तरही बदलते.

सिलिंडरमधल्या हवेलाही वजन असते, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. १२ लिटरची दोन सिलिंडरे २०० बारपर्यंत भरली की त्यांत ४,८०० लिटर हवा मावते आणि लिटरला सुमारे १.२ ग्रॅम धरले तर ती जवळपास ६ किलो होते. डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरे रिकामी होत आलेली असताना ६ मीटरच्या थांब्यावर स्थिर राहता आले पाहिजे, म्हणून सुरुवातीला हे ६ किलो जास्तीचे घेऊनच उतरावे लागते. त्यात ४० मीटरवर दाब ५ बार असतो, सूटमधले हवेचे बारीक कप्पे चेपतात आणि आणखी एक-दीड किलोचा तरंगवणारा आधार जातो. शिवाय स्टीलची सिलिंडरे रिकामी झाली तरी बहुधा बुडतातच, त्यामुळे पातळ सूट घालणारा माणूस कमरेला शिसे न बांधताही गरजेपेक्षा जड होऊन बसतो. तळाशी विंग निकामी झाली, तर हे सगळे ओझे फक्त पायांच्या बळावर वर आणावे लागेल. खोलवर असे जोरात पाय मारले की दम लागतो, शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि राखून ठेवलेली हवा भराभर संपते. वजन सोडून द्यावे म्हटले, तर स्टीलच्या जोडीत सोडण्यासारखे काही नसतेच.

म्हणूनच मी तुम्हाला आधी सिलिंडरे बदलण्याचा विचार करायला सांगेन. अॅल्युमिनिअमची सिलिंडरे रिकामी होत आली की वर येऊ पाहतात. त्यांच्यासोबत थोडे शिसे बांधावे लागते, पण त्यातले काही अडचणीच्या वेळी सोडता येते. अशा मांडणीत एका ब्लॅडरची विंग आणि रीलच्या दोरीला बांधून पाण्यावर सोडायचा मोठा मार्कर फुगा एवढ्यावर भागू शकते, मात्र विंग पूर्ण रिकामी ठेवून, भरलेल्या सिलिंडरांसह तुम्ही तळातून पोहत वर येऊ शकता, हे प्रशिक्षकासमोर करून पाहिलेले असावे. ड्रायसूटचा, म्हणजे आत हवा भरता येणाऱ्या कोरड्या पोशाखाचा, आधार थंड पाण्यात घेतात. अंदमानच्या कोमट पाण्यात तो सोसवणार नाही.

स्टीलच घेणार असाल, तर दोन ब्लॅडरची विंग घ्या आणि दोन्ही इन्फ्लेटर (ब्लॅडरमध्ये हवा भरण्या-सोडण्याच्या बटणांच्या नळ्या) वेगवेगळ्या फर्स्ट स्टेजवर (सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर बसणारा, हवेचा दाब कमी करणारा भाग) जोडा: मुख्य ब्लॅडर उजव्या व्हॉल्व्हवर, राखीव डाव्या व्हॉल्व्हवर. दोन्ही एकाच बाजूला जोडले आणि तो व्हॉल्व्ह बंद करावा लागला, तर दोन्हींची हवा एकदमच तुटते.

दुसऱ्या ब्लॅडरचा धोकाही मी अनुभवला आहे. ६ मीटरच्या थांब्यावर असताना मी हळूहळू वर सरकू लागलो. मुख्य इन्फ्लेटर उंच धरून दोनदा हवा सोडली, तरी मनगटावरच्या संगणकात ५.५ आणि मग ५ मीटर दिसू लागले. राखीव इन्फ्लेटरचे बटण आत जमलेल्या मिठाने अडकले होते आणि तो ब्लॅडर गुपचूप भरत होता. हात तिकडे जाईपर्यंत मी ४ मीटरवर आलो होतो. तरीही मी राखीव इन्फ्लेटरची नळी जोडलेलीच ठेवतो, कारण आणीबाणीत बोटांना ती जोडता येईलच असे नाही. पण तेव्हापासून वर सरकतो आहे असे वाटले की प्रथम राखीव ब्लॅडरची हवा सोडतो, आणि प्रत्येक डाइव्हनंतर दोन्ही ब्लॅडर आतून गोड्या पाण्याने धुतो.

आमच्या परभणीकडच्या गावात विहिरीत पोहायला शिकवताना आजोबा पाठीला पत्र्याचा डबा बांधत, पण त्याआधी तो दोन्ही हातांनी पाण्यात दाबून बुडबुडे येतात का ते पाहत. विंगचीही तशीच परीक्षा घ्या. एका वेळी एकच ब्लॅडर फुगवा, रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी दाबून पाहा. दोन्ही एकदम फुगवले तर ते एकमेकांना दाबतात आणि गळती कोणाची हे कळत नाही. नळीचा कोपरा आणि डंप व्हॉल्व्ह (जादा हवा सोडण्याची झडप) जिथे विंगला जोडलेले असतात, तिथले आटे प्रत्येक वेळी हाताने घट्ट करून बघा, कारण हवा बहुधा तिथूनच जाते.

नांदेडात जलतरण तलावावर वजन ठरवणार असाल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, त्यामुळे साहित्यासह तुमचे वजन १२० किलो भरत असेल, तर तलावात ठरलेल्या शिशात अंदमानात साधारण ३ किलोची भर घालावी लागेल.