रक्तस्राव 'मेंदूत' की 'मेंदूवर'?

प्रश्न असा आला आहे : दुचाकीवरून पडलेल्याच्या बातमीत 'मेंदूत रक्तस्राव' छापतात, त्याच्या सीटी स्कॅनच्या अहवालात मात्र 'सबड्युरल हेमॅटोमा' (हेमॅटोमा म्हणजे साचलेलं रक्त) असतं. दोन्ही एकच का? मराठीत काय लिहावं?

एकच नव्हे. घोळ घातलाय तो 'त' या प्रत्ययाने. रक्त खुद्द मेंदूच्या आत साचलं तर 'मेंदूत' बरोबर. पण मार लागल्यावर ते बरेचदा मेंदूबाहेर, त्याच्या आवरणाच्या वर किंवा खाली साचतं आणि मेंदूला दाबतं. तिथे 'मेंदूवर' किंवा 'मेंदूभोवती' म्हणावं.

ड्युरा हे मेंदूच्या तीन आवरणांतलं सर्वांत बाहेरचं, चिवट. लॅटिनमध्ये तिचं नाव 'कठोर माता'. १२व्या शतकात अरबी वैद्यकग्रंथाचं भाषांतर होताना अरबीतली 'उम्म', म्हणजे आई, तशीच पुढे आली. ड्युरासाठीच्या आपल्या 'दृढतानिका' या शब्दात आई गळाली, कठोरपणा तेवढा राहिला.

'एपिड्युरल'मधलं 'एपि' म्हणजे वर, 'सबड्युरल'मधलं 'सब' म्हणजे खाली. कानशिलाचं हाड मोडून त्याला लागून जाणारी धमनी फाटली की रक्त ड्युराच्या वर साचतं. असा माणूस कधी कधी शुद्धीवर येऊन नीट बोलतो आणि काही तासांत ढासळतो. ड्युराखाली बहुधा बारीक शिरा तुटतात. आजोबा न्हाणीघरात घसरतात, 'मुका मार आहे' म्हणून सोडून दिलं जातं, आणि काही आठवड्यांनी त्यांचा तोल जायला लागतो. घरचे म्हणतात, वय झालं! रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हा धोका जास्त.

'एपिड्युरल' शब्द अनेकींना बाळंतपणातल्या इंजेक्शनमुळे ठाऊक असतो. कवटीत ड्युरा हाडाला चिकटलेली असते. पाठीच्या कण्यात मात्र ड्युरा आणि हाड यांच्यामध्ये खरोखर जागा असते, चरबी आणि शिरांच्या जाळ्याने भरलेली. भुलीचं औषध तिथेच सोडतात. अपघातात तिथेच रक्त साचलं तर मज्जारज्जू दबून पाय लुळे पडू शकतात, लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. म्हणून 'मणक्यात रक्तस्राव' नको, मणका हे हाड झालं, 'मज्जारज्जूभोवती' लिहा.

हेमॅटोमाला 'गाठ' तर मुळीच म्हणू नये, नातेवाईक कॅन्सर समजून हबकतात. 'गुठळी' चालेल, पण ती रक्तवाहिनीच्या आतही होते. मला 'साकळलेलं रक्त' पटतं.

आणि हो, 'स्त्राव' नव्हे, 'स्राव'. धातू 'स्रु', त्यात 'त' कुठेच नाही.