गप्पा मारत पळायचं कसं?

प्रश्न: ताई, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या हाफसाठी शिवाजी पार्कात पळायला लागलोय. ग्रुपमधले सगळे गप्पा मारत पळतात आणि मला दुसऱ्याच राउंडला धाप लागते. माझी फुप्फुसं कमजोर आहेत का? एकजण म्हणतो फक्त नाकाने श्वास घे, ते तर जमतच नाही.
– एक वाचक, दादर

उत्तर: फुप्फुसांवर एवढ्यात आळ नका घेऊ हो. निरोगी माणसात आधी कमी पडतं ते सहसा हृदय आणि पायांचे स्नायू. बसल्या जागी आपण मिनिटाला 6-8 लिटर हवा आत घेतो, जोरात पळताना हाच आकडा 100च्या वर जातो, पण तो एकसारखा चढत नाही आणि खरी गंमत तिथेच आहे. सुरुवातीला श्वास मुख्यतः खोल होतो, मग स्पीड वाढवत गेलं की स्नायूंत तयार होणारं ॲसिड आवरायला रक्तातलं बायकार्बोनेट खर्ची पडतं, त्यातून जास्तीचा कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो बाहेर टाकायला श्वास वाढतो. इथे गप्पा तुटायला लागतात. अजून रेटलंत तर ॲसिड आवरेनासं होतं, श्वास आणखी खोल जात नाही, नुसता भराभर होतो, आणि बोलणं एक-दोन शब्दांवर येतं. म्हणजे धाप लागली की ऑक्सिजन संपला असं आपल्याला वाटतं, पण जोर असतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड बाहेर काढण्याचा.

तुमच्या ग्रुपचा आरामाचा पेस तुमच्यासाठी आरामाचा नाहीये, एवढंच. पळता पळता तेराचा पाढा मोठ्याने म्हणून बघा, दर आकड्याला अडखळलात तर स्लो व्हा, चाला हवं तर, लाज कसली. बहुतेक दिवस असंच पळलात तर काही आठवड्यांत त्याच पेसला बोलता यायला लागेल.

नाकाचं म्हणाल तर मिनिटाला साधारण 35-40 लिटर हवा लागायला लागली की तोंड आपोआप उघडतं, त्याला मुद्दाम मिटून ठेवण्यात काही अर्थ नाही. आणि ऑक्टोबरच्या दमट हवेत घाम सुकत नाही, अंग तापतं, त्याच पेसला श्वास जास्त लागतो, तेव्हा घड्याळ बघून जीव जाळू नका. रेसमध्ये पेडर रोडच्या चढावरही तेच करा, श्वास तेवढाच ठेवा आणि पेस पडू द्या.

फक्त छातीत दुखलं, चक्कर आली किंवा श्वासात शिट्टीसारखा आवाज यायला लागला तर पळणं थांबवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.