चिप बदललीस ते ठीक, पण जुनी कुठाय?

डिचोलीच्या एका शिक्षकांचं पत्र आलंय, थोडक्यात देतो. बाबा मस्कतला कामाला होते, १९८६ साली सुट्टीवर येताना त्यांनी कमोडोर ६४ हा घरगुती संगणक, त्याची १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह आणि जॉयस्टिक आणलेली. बाबा आता नाहीत. गेल्या जूनमध्ये मशीन लावलं तर स्क्रीन काळा. म्हापशातल्या एका रिपेअरवाल्याला दिलं, टेस्टिंगला लागेल म्हणाला म्हणून चालू असलेली ड्राइव्हही दिली. व्हॉट्सॲपवर ४,५०० रुपये ठरले, २,००० ॲडव्हान्स दिले, पावती नाही. नऊ महिन्यांनी मशीन परत मिळालं, चालतं, पण आवाज पूर्वीचा नाही. उघडून बघितलं तर आवाज काढणाऱ्या सिड चिपच्या जागी छोटासा नवा बोर्ड. विचारलं तर म्हणतो जुनी जळलेली होती, फेकली. वर बिल १४,००० चं, आणि ते भरल्याशिवाय ड्राइव्ह देणार नाही. पोलिसात जाऊ का, वस्तूची किंमत कशी धरायची, आणि मोठा भाऊ म्हणतो ही सगळ्यांची वस्तू, तू परस्पर दिलीसच का, त्याचं काय करू?

नमस्कार सर,

रिपेअरची भांडणं माझ्याकडे बरीच येतात, फ्रीज, स्कूटर, मोबाइल, पण कमोडोर पहिल्यांदाच आला. माझ्या कपाटात पण त्याच काळातला एक रबरी बटणांचा झेडएक्स स्पेक्ट्रम संगणक पडून आहे, त्याच्या कीबोर्डाची आतली पट्टी वाळून तडकलीय आणि दर पावसाळ्यानंतर मी बुरशी पुसून परत ठेवून देतो, त्यामुळे तुमचं दुःख मला जरा जास्तच कळलं असं समजा.

आधी मुख्य गोष्ट. दुरुस्तीला दिलेली वस्तू तुमचीच राहते, मालकी बदलत नाही. १८७२ च्या करार कायद्यात ह्याला निक्षेप म्हणतात, कोर्टात सगळे बेलमेंट म्हणतात, कलम १४८ पासून सुरू होतं. सोनाराकडे आजीची पाटली सांधायला दिली आणि त्याने तुटका तुकडा काढून नवा घातला तर तो जुना तुकडा तो परत देतो नाहीतर वजनात वळता करतो, खिशात घालून फिरत नाही. इथे तेच. ती सिड चिप, ६५८१ नंबरची, २८ पायांची, जळलेली असो की धडधाकट, तुमची होती. 'फेकली' हे उत्तर नाही, कारण फेकायचा अधिकार त्याला कोणी दिलाच नव्हता.

आता तुमची कमजोर बाजू पण सांगतो, नाहीतर समोरचा वकील सांगेल. तुम्ही पाठवलेल्या चॅटमध्ये तुमचाच एक मेसेज आहे, 'काय लागेल ते करा, पण चालू करून द्या'. हे वाक्य तो धरून बसणार. आणि काळा स्क्रीन म्हणजे मशीन दिलं त्या दिवशी आवाज येत होता की नाही हे तुम्हाला सुद्धा माहीत नाही, म्हणजे चिप चांगली होती हे तुम्ही छातीठोक सांगू शकत नाही. त्यात जुन्या कमोडोरचा तो जड वीटेसारखा पॉवर सप्लाय कुप्रसिद्ध आहे, आतला रेग्युलेटर बिघडला की ५ व्होल्टची लाइन वर चढते आणि रॅमच्या चिपा पहिल्या जातात, काळ्या स्क्रीनचं हे एक नेहमीचं कारण. तो म्हणेल तुमच्याच सप्लायने सगळं जाळलं. म्हणू दे. 'काय लागेल ते करा' म्हणजे बदला असा अर्थ होतो, ठेवून घ्या असा होत नाही. आणि आपल्या ताब्यात असताना वस्तू गेली तर आपण शहाण्या माणसाएवढी काळजी घेतली हे कलम १५१ प्रमाणे त्यालाच दाखवावं लागतं, तुम्हाला नाही. चिप खरंच मेलेली होती तर ती दाखवणं त्याला सगळ्यात सोपं होतं, आणि नेमकी तीच 'फेकली'! ह्या क्षेत्रातली माणसं चांगली जाणतात की ६५८१ आता कोणी बनवत नाही, कमोडोर कंपनी १९९४ लाच बुडाली, चालू चिपेला भाव आहे, बऱ्याच मशीनमध्ये ती सॉकेटमध्येच बसवलेली असते म्हणजे काढायला एक मिनिट लागतो. मी त्याच्यावर आरोप करत नाही, पण प्रश्न विचारणारच.

आवाजाचं तुमचं ऑब्झर्वेशन पण वाया घालवू नका. मूळ ६५८१ मधले फिल्टर प्रत्येक चिपेत थोडे वेगळे असायचे, त्यामुळे नव्या पर्यायी बोर्डाचा आवाज कानाला वेगळा लागतो, हे जाणकार लोक मान्य करतात. जुने फोटो शोधा. कोणी कधी मशीन उघडून आतला फोटो काढला असेल, भाच्याने, कोणीही, तर त्या चिपेवर चार आकड्यांचा कोड दिसतो, त्यात आठवडा आणि साल असतं. तो आकडा मिळाला तर तुम्ही केस अर्धी जिंकलीच. मशीनच्या खालच्या बाजूचा सिरियल नंबर पण लिहून ठेवा, आणि आत आत्ता जे काय आहे त्याचे फोटो काढून मगच पुढे काही करा, तो नवा बोर्ड उपटू नका.

आता ड्राइव्ह. इथे तुमची बाजू एकदम भक्कम आहे. कलम १७० म्हणतं, ज्या वस्तूवर मेहनत आणि कसब लावलं ती वस्तू मजुरी मिळेपर्यंत धरून ठेवता येते. हिऱ्याला पैलू पाडणारा हिरा धरून ठेवू शकतो, असं खुद्द कायद्यातलंच उदाहरण आहे. पण त्याने काम केलं मशीनवर, आणि धरून बसलाय ड्राइव्ह. ड्राइव्हवर त्याने बोट सुद्धा लावलं नसेल तर तो हक्क त्याला नाहीच. आणि मशीन तुमच्या हातात दिलं त्या क्षणी मशीनवरचा हक्क पण गेला, कारण हा हक्क ताब्यावर चालतो, ताबा सोडला की संपला. कुठलीही वस्तू कुठल्याही बाकीसाठी धरून ठेवायची मुभा कलम १७१ मध्ये आहे, पण ती बँका आणि अशाच मोजक्या लोकांना, रिपेअरवाल्याला नाही. त्या यादीत हायकोर्टाचे अटर्नी पण आहेत, पण आम्ही वकिलांनी फीसाठी अशिलाची फाइल दाबून ठेवायची नाही असं सुप्रीम कोर्टाने २००० साली ठणकावलंय, तेव्हा आम्हाला जे जमत नाही ते म्हापशाच्या दुकानात कसं जमेल.

बिलाचं म्हणाल तर ठरलेले ४,५००, दिलेले २,०००, राहिले २,५००. वरचे ९,५०० कसले हे त्याने लेखी सांगायला हवं, आणि तुम्हाला न विचारता वाढवलेला आकडा तुमच्यावर बसत नाही. पण ते २,५०० तुम्ही द्यायला तयार आहात हे नोटिशीत साफ लिहा. पैसे बुडवणारा गिऱ्हाईक म्हणून तुमचं चित्र उभं राहता कामा नये, बाकी सगळं त्यानंतर. नोटीस साधी, एक पानाची, स्पीड पोस्टने, पोचपावती जपून. १५ दिवसांत ड्राइव्ह आणि काढलेली चिप जशी असेल तशी परत दे, चिप नसेल तर तिची भरपाई दे, आणि पूर्ण बिलाची पार्टवार फोड करून दे. शिव्या नको, धमकी नको, 'बाबांची आठवण' एका ओळीत.

पोलिसांचं काय ते सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये विश्वासघात येतो, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ऐकायला भारी वाटतं. पण त्यात बेइमानीचा हेतू दाखवावा लागतो, आणि चौकीवर तुम्हाला पहिल्याच दिवशी 'हे सिव्हिल मॅटर' म्हणून परत पाठवतील, त्यांचंही सगळंच चुकतं असं नाही. नोटिशीला उत्तरच आलं नाही किंवा चिप त्याने दुसऱ्याला विकल्याचा काही पुरावा हाती लागला तर तो रस्ता उघडा आहेच. आज नको.

माझ्या मते तुमचं ठिकाण ग्राहक आयोग. पैसे देऊन घेतलेली दुरुस्ती ही सेवा, घरच्या वापराची वस्तू, म्हणजे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही ग्राहक. तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे उत्तर गोव्यात तक्रार करता येते, मोबदला ५ लाखांच्या आत असल्यावर फी नाही, वकील लागलाच पाहिजे असंही नाही, हे मी वकील असून सांगतोय. ऑनलाइन पण भरता येते. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, कधी कधी तेवढ्यानेच दुकानदार ड्राइव्ह घरी आणून देतो. आणि तो व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका, स्क्रीनशॉटवर भागवू नका, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागेल आणि तेव्हा मूळ फोन हातात असलेला बरा.

किंमत. इथे लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात. ओएलएक्सवर कोणीतरी ८०,००० मागतोय म्हणून तुमच्या मशीनची किंमत ८०,००० होत नाही, मागायला काय जातंय! बघायचं ते प्रत्यक्षात विकलं कितीला, ईबेवर विकलेल्या वस्तूंचे आकडे वेगळे बघता येतात, तसल्याच अवस्थेतल्या चार-पाच वस्तूंचे प्रिंट काढा. आणि एक कटू गोष्ट, कमोडोर ६४ दुर्मिळ नाही. ॲपलचा पहिला संगणक ॲपल-१ साधारण २०० बनले म्हणून त्यांचे लिलाव लाखो डॉलरमध्ये होतात, कमोडोर मात्र सव्वा कोटीच्या वर विकले गेले. तुमच्या मशीनची किंमत ठरते ती चालतं का, मूळ पार्ट आत आहेत का, खोका आहे का, प्लास्टिक किती पिवळं पडलंय ह्यावर, आणि नेमका 'मूळ पार्ट' इथेच तुमचा तोटा झालाय. म्हणून चिपेची भरपाई मागताना तीच चिप खात्रीच्या विक्रेत्याकडून मागवायचा खर्च, शिपिंग आणि कस्टम्स ड्यूटी धरून मागा. खात्रीचा ह्यासाठी की ६५८१ छापलेला बनावट माल बाजारात भरपूर आहे. भावनेची किंमत करार कायद्यात बसत नाही, मानसिक त्रासाची भरपाई आयोग देतो खरा पण फार मोठी अपेक्षा ठेवू नका.

मोठ्या भावाला चहाला बोलवा, कारण तो पूर्ण चुकीचा नाही. आपल्या गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा चालू आहे, आता २०१२ चा उत्तराधिकाराचा आणि इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारशाची यादी करून वाटणी करण्याचा, कायदा. आई-बाबांचं लग्न नेहमीच्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीने झालं असेल तर ह्या वस्तूचा अर्धा हिस्सा आईचा, उरलेला तुम्हा भावंडांचा सारखा, बहीण असेल तर तिचाही तेवढाच, लग्न झालं म्हणून कमी होत नाही. बाबांनी हयातीत तुमच्या हातात दिलं असेल तरी वाटणीच्या हिशोबात ते धरा म्हणायला भावाला जागा आहे. पण दुरुस्तीला देणं म्हणजे विकणं नव्हे, सगळ्यांची वस्तू सांभाळायला आणि परत मागायला एकट्या वारसाला कोणी अडवत नाही. नोटिशीत 'माझ्या वडिलांच्या वारसांच्या वतीने' असं लिहा आणि आईची व भावाची एक ओळीची संमती घेऊन ठेवा. उद्या कोणी हौशी माणूस विकत घ्यायला आला तर मात्र सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय एक बटण सुद्धा विकू नका.

आणि हो, तो जुना वीटेसारखा सप्लाय लावू नका. मल्टिमीटरने बघा, ५ व्होल्टची लाइन सव्वापाचच्या वर दिसली तर तो बाद. नाहीतर नवा बोर्ड पण जाईल आणि तो माणूस म्हणेल, बघा मी म्हटलं नव्हतं.