घरच्या गॅरेजात दोन खांबी कार लिफ्ट बसवतोय. माल उतरवताना, जोडताना काय बघू? (कोल्हापूर)

आधी फरशी बघा. शहाबादी किंवा टाइल्सवर खांब अजिबात उभा करू नका. खाली निदान 4 इंच जाड, भेगा नसलेलं काँक्रीट हवं; मी तर 6 इंच म्हणेन. नवीन ओतलंत तर 28 दिवस थांबा. खांब काँक्रीटला धरून ठेवणारे अँकर बोल्ट टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) आवळा, अंदाजाने नको.

माल 600-700 किलोचा असतो. पोरं जमवून टेम्पोतून ओढायचा विचार सोडा, उद्यमनगरात (इथली औद्योगिक वसाहत) चौकशी करून हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, मागवा. पावतीवर सही करण्याआधी सिलिंडर, केबल, बोल्ट मोजून घ्या. मोटर सिंगल फेज की थ्री फेज, हे ऑर्डर देतानाच विचारा. गाडी पुरती उचलायला छत साधारण 11-12 फूट लागतं.

आणि दोन्ही खांबांतली, गाडी खाली घसरू न देणारी लॉक एकाच उंचीवर बसलीत हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका.